सहाशे तास तोंड बंद

टेपमावशींना राग यायला फार काही लागत नसे. बसमध्ये कुणी पाय पसरून बसलं की येई, चपला आडव्या काढल्या की येई, "सहज आलो होतो" असं म्हणत कुणी आलं की हमखास येई. पण त्या सोमवारी आलेला राग निराळा होता. त्यांनी ऐकण्याच्या खोलीचं कुलूप काढायला किल्ली पुढे केली, तर कुलूप आधीच उघडलेलं. आत दोन सुतार. एकाच्या हातात मोजपट्टी, दुसऱ्याच्या कानामागे पेन्सिल, आणि पायात चपला.

"कोण तुम्ही?"

"मापं घेतोय, मावशी. ही सगळी खोकी निघणार. इथे मोठं टेबल आणि भिंतभर आरसा."

"खोकी?" मावशी म्हणाल्या. "खोक्यात कोंबड्या ठेवतात. ह्यांना कप्पे म्हणतात. आणि आधी चपला बाहेर काढा."

सुतारांनी चपला काढल्या, पण मापं घेणं थांबवलं नाही. त्यांचं तरी काय चुकलं? त्यांना वरून सांगितलेलं.

ती खोली एक परकी भाषा शिकवणाऱ्या संस्थेच्या तळमजल्यावर होती. चौदा लाकडी कप्पे, प्रत्येकात एक खुर्ची, एक टेप आणि कानाला लावायचा हेडफोन. खिडक्यांना जाड कापड. मावशी दर शनिवारी हेडफोनवरचे स्पंजचे गोल काढून साबणाच्या पाण्यात धुवायच्या आणि दोरीवर वाळत घालायच्या. अठ्ठावीस काळे गोल दोरीवर लटकलेले पाहून नवा माणूस हमखास विचारी, "मावशी, हे काय?" मावशी म्हणत, "गेल्या वर्षी बडबड करणाऱ्यांचे कान."

संस्था काढली होती मोठ्या बाईंनी. त्यांची शिकवण्याची रीत लोकांना वेडेपणाची वाटे. माणूस दाखल झाला की त्याला एक कार्ड मिळे. पहिले तीनशे तास नुसतं ऐकायचं. पुढचे तीनशे तास ऐकता ऐकता पुस्तकात ओळीखालून बोट न्यायचं. सहाशे तास होईपर्यंत मुद्दाम तोंड उघडायचं नाही. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुणी कुणाला "बोलून दाखव" म्हणायचं नाही. शिक्षकानं नाही, आईबापांनी नाही, मोठ्या बाईंनी स्वतःसुद्धा नाही. "मूल वर्षभर नुसतं ऐकतं तेव्हा त्याला कुणी नापास करत नाही," बाई म्हणायच्या. "मोठ्या माणसाचीच एवढी घाई कशाला?"

आणि तोंड उघडे. कधी चारशे तासांना, कधी सातशेंना, पण आपलं आपण उघडे. ज्याच्या तोंडून न सांगता, न विचारता पहिलं वाक्य निघेल, त्याचं ते वाक्य मावशी एका वहीत तारीख घालून लिहून ठेवत. त्या वहीत तीनशेच्या वर वाक्यं होती. "माझी खुर्ची कुणी नेली?" "खिडकी लावा, वारा लागतोय." "नाही, नाही, तसं नाही." एका पोस्टमनचं पहिलं वाक्य होतं, "पाय काढा माझ्या पायावरून." "माझं नाव अमुक, मी तमुक गावचा" असं वाक्य त्या वहीत एकही नव्हतं.

मावशी मुळात झाडलोट करायला आल्या होत्या. बाईंनी त्यांना टेपांच्या कपाटावर बसवलं आणि पहिल्याच दिवशी बजावलं, "स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय एकही टेप कुणाच्या हातात द्यायची नाही. आवाज कुठे बसतो, कुठे खरखर आहे, ते चिठ्ठीवर लिहायचं." मावशींनी ते सव्वीस वर्षं केलं. एकेक टेप झिजली की नवी, नवी आली की पुन्हा पहिल्यापासून. ऐकता ऐकता भाषा समजायला लागली, पुढे पुस्तकंही वाचता यायला लागली. मात्र बोलल्या कधी नाहीत. बाईंना त्यांनी एकदा विचारलं होतं, "माझं तोंड कधी उघडणार?" बाई म्हणाल्या होत्या, "उघडेल. वाट पाहा." त्यानंतर बाई चार दिवसांच्या तापानं गेल्या. वाट पाहायची ती किती, हे सांगायचं राहूनच गेलं. मावशींनी ते विचारायला दुसऱ्या कुणाकडे जायचं?

घरी त्यांची नणंद होती, थोरली. मावशींचा नवरा गेल्यावर दोघी एकत्र राहिल्या, ते मायेपोटी असं लोक म्हणत. खरं तर दोघींनाही भांडायला माणूस हवं होतं.

"सव्वीस वर्षं गाय चारा खातेय," वन्सं म्हणायच्या, "दूध काही देत नाही. वहिनी, आज तरी एक वाक्य बोल त्या भाषेत. पाहुणे आलेत."

"पाहुणे आलेत तर पाणी द्या. मी काही पोपट नाही."

"पोपट असतीस तर बरं होतं. पेरू तरी खाल्ला असतास, आणि वर बोललीही असतीस."

मावशींना बाकी सगळ्या टोमण्यांना उत्तर सुचे. ह्या एकाला मात्र कधी सुचलं नाही, कारण तो खरा होता. म्हणून त्या जास्तच रागवत.

तर त्या सोमवारी सुतारांना तिथेच सोडून मावशी जिना चढल्या. वर नवे संचालक बसत. चाळिशीचा, गोड बोलणारा, सतत उभ्या उभ्या बोलणारा माणूस. त्यांनी आल्या आल्या दारावर मोठा फलक लावला होता: 'तीस दिवसांत फाडफाड बोला'. तेव्हापासून मावशी मनात त्यांना 'तीस-दिवस' म्हणत, आणि कधी कधी तोंडानंही.

"खोली निघणार म्हणे?"

"अहो मावशी, बसा ना."

"उभी बरी आहे. खोली निघणार?"

"बदल करतोय. तिथे संभाषण कक्ष होईल. आरशासमोर उभं राहून बोलायचं. लोकांना बोलायचं असतं, मावशी. टेप काय, मोबाईलवर सगळं मिळतं."

"मोबाईलवर सगळं मिळतं म्हणूनच कुणी काही ऐकत नाही."

साहेब हसले. त्यांचं हसूही उभ्या उभ्याच असे, कुठे टेकत नसे. "तुमची ती अकरा माणसं किती महिने बसलीत खाली?"

"सात."

"सात महिन्यांत एक शब्द? माझी मुलं तिसऱ्या दिवशी 'तुम्ही कसे आहात' म्हणतात."

"आणि समोरचा कसा आहे ते त्यानं सांगितलं, तर ते कळतं का त्यांना?"

साहेबांना ते कळलं, पण त्यांनी न कळल्यासारखं केलं. मग म्हणाले, "बरं, असं करू. शुक्रवारी तिकडच्या जहाजाच्या कारखान्यातून एक पाहुणी येतेय, कामगार निवडायला. तुमच्यातला कुणीही एक, तिच्यापुढे चार वाक्यं बोलू दे. बोलला, तर तुमची खोली राहिली. सुतार परत. माझा शब्द."

इथे मावशींनी म्हणायला हवं होतं, "आमच्याकडे बोलून दाखवत नाहीत." सव्वीस वर्षं त्यांनी हे वाक्य शेकडो जणांना ऐकवलं होतं, एका आमदाराच्या मेव्हण्यालाही. पण खालून सुताराच्या हातोडीचा आवाज आला, ठक ठक, उगीच कप्पा किती पक्का आहे ते बघत होता तो, आणि मावशी म्हणाल्या, "बोलेल."

अकरा जणांत वेल्डर सगळ्यांत पुढे होता. बेचाळीस वर्षांचा, धिप्पाड, हातावर ठिणग्यांचे बारीक डाग. बसला की कप्पा भरून जाई, आणि बोट ओळीखालून असं नेई की कागदाला दुखू नये. जहाजाच्या कारखान्यात काम मिळावं म्हणून आला होता. त्याचे तीनशे चाळीस तास झाले होते. मावशींना ठाऊक होतं की त्याला समजतं. टेपवर विनोद आला की त्याचे खांदे बरोबर जागी हलत.

संध्याकाळी तो जायला निघाला तेव्हा मावशींनी त्याला थांबवलं.

"शुक्रवारी बोलायचंय तुला. चार वाक्यं. मी लिहून देते, पाठ कर."

तो गोंधळला. "पण मावशी, अजून तर... कार्डावर..."

"कार्ड कोण लिहितं?"

"तुम्ही."

"मग?"

त्यानं कागद घेतला, घडी घातली, खिशात ठेवला. त्याची मान खाली गेलेली मावशींनी पाहिली आणि पाहिली नाही असं ठरवलं. मनाला सांगितलं, ह्याच्याच भल्यासाठी आहे. आपलं भलं दुसऱ्याच्या नावावर टाकायला माणसाला फार वेळ लागत नाही.

चार दिवस त्या त्याच्याकडून घोकून घेत होत्या. नमस्कार. मी वेल्डर आहे. अठरा वर्षं हे काम करतो. मला तुमच्याकडे काम करायला आवडेल. पहिल्या दिवशी त्याचा आवाज कप्प्याबाहेर येईना. तिसऱ्या दिवशी तो वाक्यं धडाधड म्हणू लागला, जशी लहान मुलं पाढे म्हणतात, न थांबता आणि न ऐकता. टेपवरच्या विनोदाला त्याचे खांदे हलेनासे झाले होते. मावशींनी तेही पाहिलं.

शुक्रवारी वरच्या दालनात खुर्च्या मांडल्या. माईकचं मशीन मावशींकडे होतं, म्हणून त्या कोपऱ्यात स्टुलावर बसल्या. पुढे साहेबांची तीस दिवसवाली मुलं, त्यांचे आईबाप, आणि मागे मावशींचे अकरा. पाहुणी आली. जाडजूड बाई, पायात कामाचे बूट, केस कात्रीनं स्वतःच कापल्यासारखे. खुर्ची दिली ती तिनं बाजूला केली आणि टेबलाच्या कडेला टेकली.

साहेबांची मुलं आधी उभी राहिली. फाडफाड बोलली. पाहुणीनं एकीला मधेच काहीतरी विचारलं, तर ती हसून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. टाळ्या पडल्या.

मग वेल्डर उठला. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. माईकपाशी उभा राहिला. पाहुणीनं त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या हातांवरचे डाग तिच्या लक्षात आले असावेत, कारण ती एकदम घरच्यासारखं हसली आणि तिनं काही सोपंच विचारलं: "घरून इथे यायला किती वेळ लागतो तुम्हाला?"

वेल्डरला प्रश्न समजला. मावशींना दिसलं, त्याला समजला. त्याचे डोळे क्षणभर रस्ता मोजून आले, वीस मिनिटांचा, सायकलचा. पण तोंडाच्या दाराशी ती चार वाक्यं रांग लावून उभी होती, आणि दार उघडताच त्यांतलंच एक बाहेर पडलं.

"अठरा वर्षं."

साहेबांनी आधी हसून घेतलं, मग ते सगळ्यांना आपल्या भाषेत सांगितलं. "घरून यायला किती वेळ लागतो विचारलं, तर म्हणे अठरा वर्षं!" दालन खदखदलं. कुणीतरी मागून म्हणालं, "बस चुकली असेल!" मग तर आईबापही डोळे पुसायला लागले.

वेल्डर हसला नाही आणि रडलाही नाही. समजत नसतं, तर त्यालाही हसता आलं असतं. पण त्याला प्रश्न समजला होता, आपण काय बोललो ते समजलं होतं, आणि लोक कशाला हसताहेत तेही समजलं होतं. त्याचे कान लाल झाले. साहेब माईकमध्ये म्हणाले, "ही बघा जुनी पद्धत. सात महिने, आणि निकाल हा."

मावशी कधी उठल्या ते त्यांना कळलं नाही. स्टूल मागे पडलं त्याचा आवाज त्यांना ऐकू आला, आणि मग आपलाच आवाज. त्या पाहुणीशी बोलत होत्या. त्या भाषेत.

"त्याला हसू नका. तुमचा प्रश्न त्याला कळला. तो वीस मिनिटं लांब राहतो. ते अठरा वर्षं मी कोंबलं त्याच्या तोंडात, चार दिवस बसून. चूक माझी. त्याला बोलायला सांगू नका. तुम्ही बोला. काम सांगा त्याला, आणि मग बघा."

 साहेबांच्या हातातला माईक तसाच हवेत. पाहुणीनं भुवया वर केल्या. मग तिनं फळ्याकडे बोट दाखवलं, वेल्डरच्या हातात खडू दिला आणि बोलायला लागली. आपल्या कारखान्यात बोलत असेल तशी, भरभर, कुणाची कीव न करता. दोन जाड पत्रे, मधे बोटाच्या निम्मी फट, आधी खालून थोड्या थोड्या अंतरावर वेल्डिंगचे टाके, मग वरून एका टोकाचा तुकडा जोडायचा, मग दुसऱ्या टोकाचा, सलग नाही, नाहीतर पत्रा तापून वाकेल. वेल्डर काढत गेला. त्याचा हात एकदाही थांबला नाही. एका ठिकाणी तिनं काही सांगितलं तेव्हा त्यानं मान हलवली, नाही अशी, आणि फळ्यावर मधोमध एक जास्तीचा टाका दाखवला. पाहुणीनं डोकं तिरकं करून पाहिलं. "हो," ती म्हणाली. "तो राहिला माझा."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. कशाला वाजवायच्या तेच त्यांना कळलं नसावं.

"ह्याला समजतं," पाहुणी मावशींना म्हणाली. "माझ्याकडे येतात त्यांतल्या निम्म्यांना एवढंही समजत नाही. पण डोक्यावर लोखंड येत असेल, तर खालच्या माणसाला ह्यानं ओरडून सांगायला नको का? मी आज ह्याला नेऊ शकत नाही. पाच महिन्यांनी पुन्हा येईन. तेव्हा पाठवा."

मावशींना तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही. ती खरं बोलत होती.

"आणि तुम्ही?" पाहुणीनं विचारलं. "तुम्ही आमच्याकडे कुठे राहत होतात?"

"मी?" मावशी म्हणाल्या. "मी इथेच. तळमजल्यावर."

वेल्डरनं खडू फळ्याखाली ठेवला, हात झटकले आणि दालनातून निघून गेला. मावशींच्या स्टुलाजवळून गेला, पण त्यांच्याकडे त्यानं पाहिलं नाही.

घरी आल्यावर मावशींनी वन्संना काही सांगितलं नाही. मोरीत बसून त्या बरोबर आणलेले स्पंजचे गोल धूत राहिल्या, शुक्रवार असूनही. वन्सं दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आज कुणाचे कान उपटलेस?"

"माझेच."

"म्हणजे?"

"बोलले मी आज. त्या भाषेत."

वन्संच्या हातातलं फडकं खाली पडलं. "खरंच? काय बोललीस?"

"भांडले."

"मग त्यात नवं काय?" वन्सं म्हणाल्या. पण त्यांनी फडकं उचललं नाही, तिथेच पायरीवर बसल्या. मावशींनी साबणाचा हात कपाळाला लावला. सव्वीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते आलं, आणि आलं ते असं, दुसऱ्याची लाज काढून झाल्यावर. त्यांना साहेबांचा राग होता, तो होताच. पण साहेबांनी नियम मोडला नव्हता. साहेबांना नियम ठाऊकच नव्हता. जिला ठाऊक होता, तिनं मोडला. हा राग कुणावर काढायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांना वर बोलावलं. आज ते चक्क बसले होते, आणि त्यांच्यासमोर कागदावर एक चित्र होतं. फलकाचं.

"मावशी, तुम्ही तर हिरा निघालात! पाहुणी माझ्यापाशी दहादा म्हणाली, ही बाई कोण. हे बघा, तुमचा मोठा फोटो इथे. वर ओळ: 'आमच्या मावशी बोलतात, मग तुम्ही का नाही?' खाली: 'तीस दिवसांत'."

मावशींनी कागद हातात घेतला, चष्मा लावून नीट वाचला.

"लावा फोटो," त्या म्हणाल्या.

"वा!"

"फक्त खाली तीस दिवस खोडा. सव्वीस वर्षं लिहा."

"अहो, सव्वीस वर्षं लिहिलं तर कोण येईल?"

"खरं शिकायचंय तो येईल."

"तेवढ्यावर संस्था चालत नाही, मावशी."

"आणि खोट्यावर चालते?"

साहेबांचं हसू पहिल्यांदाच टेकलं, आणि टेकल्यावर ते हसू नव्हतंच. "काल तुमचा माणूस बोलला नाही. 'बोलेल' म्हणून शब्द तुम्ही दिला होता, मी नाही. येत्या शनिवारी कप्पे निघतील. टेपांची मशीनं भंगारात. तुम्हाला मी वर कागदपत्रांवर बसवीन, तुमची नोकरी जाणार नाही. एवढं तर मानाल?"

"नोकरी ठेवा तुमच्याकडे. भंगार कुणाला देताय?"

"कुणालाही. का?"

"भंगारवाल्याच्या आधी मी आलेय, म्हणून विचारलं."

शनिवारी सुतार आले. ह्या वेळी चपला त्यांनी आपण होऊन बाहेर काढल्या. कप्प्यांच्या फळ्या उपटताना खिळे कुरकुरत होते, आणि मावशी प्रत्येक मशीन कापडात गुंडाळून खोक्यात ठेवत होत्या, सुतारांना शिव्या देत. "हळू रे, गाढवा. ते काय तुझ्या सासऱ्याचं घर आहे का पाडायला?" सुतारही बिचारे हळू उपटत होते. दहा विद्यार्थी सकाळीच आले होते. बोलायचं नाही ह्या सवयीनं ते न बोलताच खोकी उचलून बाहेरच्या टेम्पोत ठेवत होते. अकरावा नव्हता. आठ दिवसांत तो एकदाही आला नव्हता.

टेम्पो घरापाशी थांबला तेव्हा वन्सं दारात उभ्या होत्या.

"हे काय वहिनी? बाहेरच्या खोलीत?"

"बाहेरच्या खोलीत, आणि तुमच्या खोलीत दोन."

"माझ्या खोलीत? अगं, रोज अकरा माणसं घरात यायची? आणि ती बोलणारही नाहीत?"

"नाहीत."

"मेलं, माणसं आली तर बोलायला तरी हवीत!" वन्सं म्हणाल्या. पण रागारागात त्यांनीच आपली पेटी भिंतीकडे सरकवली आणि जागा केली. मग एका विद्यार्थ्याला दटावलं, "पाय पूस आधी. ऐकू येतं ना तुला? का तेही बंद आहे?"

संध्याकाळ व्हायच्या आत मावशी बाहेर पडल्या. एक मशीन, एक हेडफोन आणि वेल्डरच्या टेपा पिशवीत घालून त्या त्याच्या दुकानाकडे निघाल्या. दुकान म्हणजे रस्त्याच्या कडेची पत्र्याची शेड. तो एका फाटकाला कड्या जोडत होता. मावशी आलेल्या दिसल्या तरी त्यानं तोंडावरचा मुखवटा वर केला नाही. ठिणग्या पडत राहिल्या. मावशी लांब उभ्या राहिल्या, पिशवी छातीशी धरून. एक कडी झाली, दुसरी झाली. तिसरी झाल्यावर त्यानं मुखवटा वर ढकलला.

"काय आहे?"

"चुकले मी," मावशी म्हणाल्या.

त्यांच्या तोंडून हे शब्द घरात कुणी ऐकले नव्हते, संस्थेत तर नाहीच. वेल्डरला ते पुरेसे वाटले नाहीत.

"चुकलात? एवढंच?" त्याचा आवाज चढला. शेजारच्या पंक्चरवाल्यानं मान वर केली. "सात महिने बायको रोज विचारते, काय शिकलास, बोलून दाखव. मी म्हणायचो, आमच्या मावशी बोलू देत नाहीत. सासरा म्हणाला, मुका झालास का. मी म्हटलं, मावशींनी सांगितलंय, येईल तेव्हा येईल. मेव्हणे हसले, हसू दिलं. सगळ्या जगात एक माणूस होता जो मला बोल म्हणणार नव्हता. आणि चार दिवस मानगुटीवर बसून बोल, बोल, बोल कोण म्हणालं? तुम्ही! त्या साहेबानं म्हटलं असतं तर मी त्याला उचलून जिन्यावरून खाली ठेवला असता. तुमचं काय करू मी?"

मावशींच्या जिभेवर दहा उत्तरं आली. खोली जात होती. तुझ्यासाठीच केलं. फळ्यावर काढलंस ते काय वाईट झालं? त्यांनी एकही बाहेर येऊ दिलं नाही. पिशवीचे बंद बोटांत रुतत होते.

"आता पोरगी शाळेतून येते आणि म्हणते, बाबा, अठरा वर्षं. सगळी गल्ली म्हणते. हा पंक्चरवाला म्हणतो, किती वेळ लागेल फाटकाला? अठरा वर्षं!"

"मी एकदाच म्हणालो," पंक्चरवाला म्हणाला.

"तू गप रे!"

मग त्यानं हातमोजा काढला, घाम पुसला, पुन्हा मोजा घातला आणि काढला. मावशी तशाच उभ्या होत्या. त्यांचं वय झालं होतं, पाय दुखत होते, पण बसायला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्या बसल्या नाहीत.

"खोली तर गेली म्हणे," तो शेवटी म्हणाला.

"गेली. माझ्या घरी मांडलंय. कप्पे नाहीत, चादरी बांधल्यात मधे. नणंद बडबड करते, पण हेडफोनमधून येणार नाही. तुझे दोनशे साठ तास राहिलेत. ती बाई पाच महिन्यांनी येणार आहे. रोज दोन तास बसलास तर होतात. न बसलास तर... तुझी मर्जी. मशीन आणलंय मी. घरी यायचं नसेल तर हे इथे ठेवून जाते. तुझ्या घरी ऐक."

त्यानं पिशवीत डोकावून पाहिलं. टेपांच्या चिठ्ठ्यांवर मावशींचं अक्षर होतं, कुठे आवाज बसतो, कुठे खरखर आहे.

"घरी ऐकायला बसलो तर बायको बोलून दाखव म्हणेल," तो म्हणाला.

"म्हणेल."

"किती वाजता यायचं?"

"सहाला. पाय पुसून ये, नाहीतर वन्सं आत घेणार नाहीत."

"येतो. पण एक सांगून ठेवतो." त्यानं मुखवट्याकडे हात नेला. "पुन्हा कधी मला बोल म्हणालात ना मावशी, तर हा हेडफोन तुमच्याच डोक्यात आपटीन."

"आपट," मावशी म्हणाल्या.

त्यानं मुखवटा खाली ओढला आणि चौथी कडी घेतली. मावशींनी पिशवी खांद्याला लावली. वाटेत पंक्चरवाल्यानं आपली हवा भरायची नळी रस्त्यात आडवी टाकली होती. त्यावरून मावशींनी त्याला असं काही फैलावर घेतलं की त्यानं बिचाऱ्यानं नळी गुंडाळून गळ्यात घातली आणि त्या वळणापलीकडे जाईपर्यंत काढली नाही.